भिंतीवरच्या टाचा

सुनेचं एक वागणं थोरल्या बाईंना मुळीच पटत नव्हतं. कामावरून आली की ती चपला कोपऱ्यात काढायची, हातपाय धुवायची, आणि पुढच्या खोलीत सरळ जमिनीवर उताणी पडून दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर करायची. दार उघडं असो की बंद, कोणी आलेलं असो की यायचं असो, चहा पार निवेपर्यंत तिचे पाय वरच. घरात पलंग होता. आरामखुर्ची होती. आरामखुर्चीत थोरल्या बाई स्वतः बसत हे खरं, पण होती.

पायांचंही एक वेळ चाललं असतं. पण भिंतीवर टाचांचे दोन डाग पडले होते. आधी पुसट होते, मग करडे झाले, आणि शेवटी असे उठून दिसायला लागले की घरात येणारा माणूस आधी डागांकडे बघायचा आणि मग थोरल्या बाईंकडे. वरच्या मजल्यावरच्या बाईनं तर एकदा विचारलंच, "तुमच्याकडे कोणी भिंतीवरून चालतं का हो?" त्या दिवशी थोरल्या बाईंना घास गिळवला नाही. म्हणजे दुपारचा. रात्रीचा गिळवला, कारण अन्नावर राग काढायची त्यांना सवय नव्हती.

"पाय खाली घे," त्या सुनेला म्हणत.

"जरा बरं वाटतं, आई."

"बरं वाटायला भिंत कशाला लागते? आम्हाला काय कधी बरं वाटलं नाही?"

सून यावर काही बोलायची नाही. तीच तर तिची खोड. ती सैन्यात होती. अवजड ट्रक चालवायची, दारूगोळ्याच्या पेट्या चढवायची, उतरवायची. बाळंतपण झालं, पोर सासूच्या ओटीत टाकलं आणि ओली बाळंतीण पुन्हा पेट्या उचलायला गेली. ती मुलगी आता परगावी शिकत होती आणि सून निवृत्त होऊन पार्सलच्या गोदामात गोण्या उचलत होती. पण सैन्यातली जीभ काही सुटली नव्हती. विचारल्याखेरीज बोलायचं नाही आणि विचारलं तर म्हणायचं, ठीक आहे.

ठीक काही नव्हतं. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की गर्भपिशवी जागेवरून खाली उतरली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर वजन उचललंत तर आणखी उतरेल. माजी सैनिकांच्या कचेरीनं हे दुखणं नोकरीतून आलंय असं मान्य केलं, तर ऑपरेशन सैन्याच्या इस्पितळात होणार होतं आणि अपंगत्वाची पेन्शन लागून गोदाम सुटणार होतं. नाही मान्य केलं, तर गोण्या होत्याच.

हे सगळं थोरल्या बाईंना ठाऊक होतं. पण त्यांच्या हिशेबी दुखणं वेगळं आणि भिंत वेगळी. दुखणं पोटात आहे, भिंतीनं काय केलंय? थोरल्या बाई शाळेत फार टिकल्या नव्हत्या आणि शाळेनंही त्यांना फार आग्रह केला नव्हता. अक्षराला अक्षर लावून वाचता येई, सही करता येई, बाकीचं सगळं त्या बोलून भागवत. शहाणपण म्हणाल तर त्यांच्याजवळ एकच होतं आणि ते त्यांनी जन्मभर पुरवून वापरलं होतं: झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात काय वाट्टेल ते होवो, दारात उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ उंबरा दिसला पाहिजे.

अर्ज भरायला सुनेला घेऊन त्या स्वतः कचेरीत गेल्या. मुलगा बरोबर होता, पण तो चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का" असं मऊ आवाजात विचारून तो सगळा माणूसच मऊ झाला होता.

खिडकीतल्या कारकुनानं कागद पुढे ओढला. "कुठला अवयव?"

सून समोर बघत राहिली. मुलगा पंख्याकडे बघू लागला. शेवटी थोरल्या बाई म्हणाल्या, "पोटाच्या खाली."

"म्हणजे कंबर."

"तुमच्याकडे कंबर पोटाच्या खाली असते का?"

कारकून कानापर्यंत लाल झाला. त्याच्या कागदावर गुडघा होता, पाठ होती, कान होते, डोळे होते, पायाची बोटंसुद्धा होती. बाईमाणसाला देवानं जे वेगळं दिलं, त्याला जागा नव्हती. बराच वेळ पेन वर-खाली फिरवून त्यानं 'इतर' अशा नावाच्या रांगेत काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं, इतकं बारीक की त्याची त्यालाच लाज वाटत असावी.

"दुखापत कुठल्या तारखेला झाली?"

"एका दिवसात नाही झाली," सून म्हणाली.

"तारीख लागते. आणि साक्षीदार."

"पिशवी उतरताना साक्षीदार बोलवायची रीत नाही आमच्यात," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि मागच्या रांगेतला एक लंगडा शिपाई इतका जोरात खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी ही हकिगत शेजारच्या हेडक्लार्कांच्या कानावर गेली. हे गृहस्थ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कागद दिसला की त्यांच्या हाताची बोटं अजून आपोआप टाचणी शोधत. ते पाठ ताठ करून बसले आणि म्हणाले, "चुकलंत. कान लावायचा. कान पटकन मंजूर होतो. ट्रकच्या आवाजानं ऐकू कमी येतं म्हणायचं, की झालं."

"आणि ऑपरेशन कानाचं करून घ्यायचं?"

"ते नंतर बघता येतं."

"सून माझी आहे," थोरल्या बाई म्हणाल्या, "आणि कान तिचे चांगले आहेत. मी दोन खोल्या पलीकडून पुटपुटले तरी तिला ऐकू येतं. हा पुरावा मी कुठे लपवू?"

पण हेडक्लार्कांनी जाता जाता एक खरी गोष्ट सांगितली. कचेरीतून एक तपासनीस घरी येतो, रोजच्या कामात माणसाला किती अडचण होते ते बघतो, आणि तो लिहील तेच वर जातं. "सगळं त्याच्या हातात," ते म्हणाले.

लगेचच पत्र आलं. परवा तपासनीस येणार. मुलानं ते वाचून दाखवलं आणि थोरल्या बाईंची नजर पत्रावरून उठून सरळ भिंतीवरच्या टाचांवर गेली. सरकारचा माणूस घरात येणार, पुढच्या खोलीत बसणार, आणि त्याच्या डोक्यावर सुनेचे पाय.

डाग आधी ओल्या फडक्यानं पुसले. ते पसरले. मग साबणानं घासले. त्यानं रंग गेला आणि डाग राहिला. मग रंगाऱ्याला बोलावलं. तो नखानं भिंत टोकरून म्हणाला, "जुना रंग खरवडायला लागेल, बाई. तेलकट झालाय. वरून मारला तर धरणार नाही."

"खरवडायला वेळ कुठे आहे? वरून हात मार."

"उद्या पोपडे पडले तर माझं नाव खराब होईल."

"तुझं नाव इथे कोणाला माहीत आहे?"

रंगाऱ्यानं डबा उघडला. त्यानं टाचांपुरता चौकोन रंगवला. आता त्या चौकोनापुढे बाकीची भिंत धुरात टांगल्यासारखी दिसायला लागली. म्हणून सगळी भिंत रंगवली. ती इतकी उजळली की उरलेल्या तीन भिंती सावत्र वाटू लागल्या. मग खोलीच रंगवायला घेतली. खोली रंगवायची तर सामान हलवायला हवं. सामान हलवताना पलंगाखालून सुनेची सैन्यातली लोखंडी ट्रंक निघाली. बूट, पाने, हातोड्या, गणवेश, सगळं तिच्यात. मुलानं एक हिसका दिला, "आई गं" म्हणून कंबर धरली, आणि तो दिवसभरासाठी आरामखुर्चीत गेला. थोरल्या बाई ओल्या भिंतींच्या मधोमध उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. एका टाचेपायी त्यांचा मुलगा गेला, खुर्ची गेली आणि बसायला घर उरलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. तिनं स्वतःचे पडदे आणले होते आणि त्यांच्याबरोबर सल्लाही आणला होता. "सरकारी माणूस आधी संडास बघतो," ती म्हणाली. झालं. संडास घासला. घासण्याच्या औषधाच्या वाफेनं थोरल्या बाईंचा आवाज बसला, आणि घरात कित्येक वर्षांनी शांतता झाली. मुलाच्या चेहऱ्यावर त्याही अवस्थेत थोडं समाधान दिसलं, ते त्यांनी लक्षात ठेवलं.

संध्याकाळी सून गोदामातून आली. तिनं खोलीकडे पाहिलं, दारात अडकलेल्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि थोरल्या बाईंच्या बसलेल्या घशातून "अगं, नको" निघायच्या आत ती उचलून कोपऱ्यात ठेवली. मग सवयीनं भिंतीपाशी गेली. भिंत ओली होती. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, आणि मग न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

तपासनीस ठरल्या वेळी आला. काटकुळा माणूस, काखेत फाइल, आणि चेहरा असा की जणू त्याला जन्मताच कोणीतरी थांबायला सांगितलं होतं. त्यानं खोलीवरून नजर फिरवली. पडदे, टेबलावर चादर, काचेच्या भांड्यात फुलं. फुलं वरचीच होती. थोरल्या बाईंची छाती भरून आली. असलं घर कचेरीनं बघितलं नसेल.

"घरातलं रोजचं काम कोण करतं?" त्यानं विचारलं.

खरं म्हणजे धुणं, भांडी, झाडलोट सगळं थोरल्या बाईच करत. सून आल्यावर तिला उठवत नव्हतं आणि त्या तिला उठवत नव्हत्या. पण परक्या माणसासमोर आपली सून काम करत नाही असं कसं सांगायचं? आज हा ऐकेल, उद्या गल्ली ऐकेल.

"सूनच करते," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "सगळं. हाताला उसंत म्हणून नाही तिच्या."

तपासनिसानं लिहिलं. मुलानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"वजन उचलता येतं?"

"हो, सर." सून ताठ उभी होती. समोर फाइल असलेला माणूस दिसला की तिचे खांदे आपोआप मागे जात.

"ही ट्रंक?"

तिनं ट्रंक उचलली. कमरेपर्यंत उचलली आणि तशीच धरून उभी राहिली, कारण ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. तपासनीस लिहीत होता. त्याचं अक्षर वळणदार होतं, त्याला वेळ लागत होता. ट्रंकेच्या कडीचा बारीक आवाज येत होता. सुनेच्या मानेवरची शीर उठली. मुलगा खुर्चीतून अर्धा उठला आणि कंबर धरून परत बसला. थोरल्या बाईंना वाटलं, ठेव म्हणावं. पण सुनेचा रुबाब बघून तपासनिसावर छाप पडते आहे असंही वाटलं, आणि दुसरं वाटणं पहिल्यापेक्षा मोठं निघालं.

वाक्य संपलं. पूर्णविराम पडला. तपासनिसानं वर पाहिलं. "अरे, ठेवा की. काही त्रास?"

"ठीक आहे, सर."

तो गेला. जाताना त्याच्या कोपराला दारालगतच्या भिंतीचा ओला रंग लागला, ते थोरल्या बाईंनी पाहिलं आणि सांगितलं नाही. सून न्हाणीघरात गेली. टेबलावरची चादर घडी घालून झाली, फुलं वर पोचवून झाली, पडदे उतरवून झाले, तरी आत नळ चालूच होता.

मग निकाल आला. मुलानं पाकीट फोडलं आणि वाचायला लागला. "घर अत्यंत नीटनेटके व स्वच्छ."

"पुन्हा वाच," थोरल्या बाई म्हणाल्या.

"घर अत्यंत नीटनेटके व स्वच्छ."

"मोठ्यानं वाच. वर ऐकू जात नाही."

मुलानं मोठ्यानं वाचलं. थोरल्या बाई जिन्याकडे बघून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माणूस दिसायला रुक्ष होता, पण पारख होती. पुढे?"

"घरकामाचा सर्व भार अर्जदार एकट्या सांभाळतात. जड वस्तू विनातक्रार उचलतात व धरून ठेवतात. दैनंदिन जीवनात अडचण आढळली नाही. अर्ज नामंजूर."

थोरल्या बाईंनी स्वतःच्या भिंतींकडे पाहिलं. चारही भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या आणि प्रत्येक भिंत त्यांना नामंजूर म्हणत होती.

"ठीक आहे," सून म्हणाली, आणि डबा भरून गोदामात गेली.

हेडक्लार्कांनी अपील लिहून दिलं. "फेरतपासणी मिळेल," ते म्हणाले, "पण ती न कळवता होते. आणि एकदाच. त्यानंतर फाइल बंद. तेव्हा बाई, घर आहे तसं राहू द्या. मुद्दाम घाण करू नका, ती लबाडी होते. पण मुद्दाम घासूही नका."

थोरल्या बाईंना कोणी उपाशी राहायला सांगितलं असतं तर त्या राहिल्या असत्या. पण आहे तसं राहू द्या? मोरीत भांडी दिसत होती. खुर्चीवर वाळलेले कपडे घडीवाचून पडले होते आणि त्यात मुलाची बनियन बाहेर बाही काढून बसली होती, जणू पाहुण्यालाच हाक मारतेय. एकेकाळी असल्या बनियनसाठी थोरल्या बाईंनी शेजारणीशी बोलणं टाकलं होतं. आता दारावर टकटक झाली की त्यांचा जीव वर यायचा. तपासनीस असेल तर हे सगळं दिसेल म्हणून, आणि नसेल तर दुसऱ्याच कोणाला दिसेल म्हणून.

दुसरं कोणी म्हणजे वरची. ती आली, मोरीकडे बघितलं, आणि थोरल्या बाईंच्या कपाळाला हात लावला. "बरं नाही का तुम्हाला?" असं म्हणत तिनं पदर खोचला आणि भांड्यांना हात घातला.

"हात लावू नका त्यांना," थोरल्या बाई ओरडल्या. "ती भांडी सरकारी कामात आहेत."

वरची तशीच उलट्या पावली जिना चढून गेली. रात्रीपर्यंत गल्लीत झालं होतं की थोरल्या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती बातमी त्यांच्यापर्यंत आलीच, कारण असल्या बातम्या येतातच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मूठ उघडी पडली होती आणि ती मिटायची परवानगी नव्हती.

इकडे सून दिवसेंदिवस हळू होत होती. जिना चढताना मधे थांबायची. पायरीवर उभी राहून खिशात किल्ली शोधल्यासारखं करायची. किल्ली तिच्या हातातच असायची. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं होतं की ऑपरेशन लांबवू नका. आणि घरी आल्यावर ती भिंतीकडे बघायचीसुद्धा नाही. पलंगावर उशीवर पाय ठेवून पडायची, उशी घसरायची, ती पुन्हा लावायची.

"भिंत वाळलीय," एका संध्याकाळी थोरल्या बाई हवेकडे बघून म्हणाल्या.

"असू दे, आई. नवी आहे."

थोरल्या बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच एक डबा उघडून पुन्हा लावला.

तपासनीस आला तो नेमका अशा वेळी की थोरल्या बाईंना राहवलं नव्हतं आणि त्यांनी झाडू हातात घेतला होता. त्यांनी तो पाठीमागे लपवला. तपासनीस आत आला. बनियन, भांडी, पलंगावरची चुरगळलेली चादर, सगळं त्यानं पाहिलं आणि काही न बोलता फाइल उघडली. सून आत्ताच आली होती, तिचा चेहरा फडक्यासारखा पांढरा होता. तरी ती उठली. खांदे मागे गेले.

"मागच्या वेळी ही ट्रंक उचलली होती," तपासनीस म्हणाला. "आताही उचलता येईल का?"

"हो, सर," म्हणून ती वाकली.

पुढे काय झालं ते थोरल्या बाईंनी ठरवून केलं नाही. त्यांच्या पायांनी केलं. त्या दोन ढांगांत खोली ओलांडून गेल्या आणि ट्रंकेवर मांडी घालून बसल्या. हातात झाडू होताच.

"बाई, उठा," तपासनीस म्हणाला. "मला बघायचंय."

"मला माहीत आहे तुम्हाला काय बघायचंय. ती उचलेल. तुम्ही म्हणालात तर माझ्यासकट उचलेल आणि तुमचं अक्षर संपेपर्यंत धरून उभी राहील. तुमच्या लोकांनीच शिकवलंय तिला. पण तुम्ही जिना उतरता, आणि पुढचं इथे होतं."

"पुढचं काय होतं?"

"सांग," थोरल्या बाई सुनेला म्हणाल्या.

"ठीक आहे," सून म्हणाली.

"हे लिहू नका," थोरल्या बाईंनी झाडू त्याच्या पेनासमोर आडवा धरला. "हिला चटका बसला तरी ही ठीक आहे म्हणेल. तुम्ही साहेब आहात ना? मग साहेबासारखं विचारा."

तपासनिसानं झाडूकडे पाहिलं, मग सुनेकडे. पेन खाली घेतलं. "उचलल्यावर काय होतं?" त्यानं विचारलं. "मला सगळं सांगा."

मग सून बोलायला लागली, वरिष्ठाला पहाऱ्याची हकिगत द्यावी तशी, सरळ, आवाज न चढवता. "उचललं की पिशवी खाली येते, सर. हाताला लागते. ती आत सरकवावी लागते. लघवी थांबत नाही, म्हणून गोदामात कपड्याची घडी घेऊन जाते. संध्याकाळी बसता येत नाही, चेंडूवर बसल्यासारखं होतं. पाय भिंतीला लावून वर केले की पिशवी जागेवर जाते. तेवढ्यापुरती."

"हे कधीपासून?"

"सैन्यात असल्यापासून, सर. मुलगी लहान होती तेव्हापासून."

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"उचलता येतं का, एवढंच विचारलं होतं, सर."

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचं विसरला. थोरल्या बाई ट्रंकेवर होत्या आणि इतक्या वर्षांच्या संध्याकाळी एकामागून एक त्यांच्या डोळ्यांपुढून चालल्या होत्या. निवलेला चहा. पाय खाली घे. आम्हाला काय कधी बरं वाटलं नाही?

तपासनीस भिंतीपाशी गेला. नीट बघितली. "पाय भिंतीला लावता म्हणालात. पण इथे खूण दिसत नाही. मला जे दिसेल तेच लिहिता येतं."

ती खूण घालवायला थोरल्या बाईंनीच रंगारी आणला होता. सून काही बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं, कारण सासूचं नाव ती घेणार नव्हती. फाइल एकदा बंद झाली की झाली. तपासनीस पेनाचं टोपण लावायला लागला होता.

थोरल्या बाई ट्रंकेवरून उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि उलथणं घेऊन आल्या. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी एकदा नव्या रंगाकडे पाहिलं. असा रंग गल्लीत कोणाकडे नव्हता. मग त्यांनी उलथण्याची धार भिंतीला टेकवली आणि खर्रकन ओढली.

रंगारी खरं बोलला होता. रंगानं धरलं नव्हतं. तळहाताएवढा पोपडा सुटून जमिनीवर पडला, मग दुसरा, मग एक लांब सालच निघाली. आणि खालून आधी एक टाच दिसली, मग दुसरी. करड्या, तेलकट, साबणानं फिसकटलेल्या, वर्षानुवर्षांच्या.

"मीच झाकल्या होत्या," थोरल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून. आता लिहा. आणि मागच्या वेळचं खोडा. घरात ही काडी उचलत नाही, सगळं मी करते, आणि घर रोज असंच असतं." मग त्यांना ते शेवटचं सहन झालं नाही. "म्हणजे असं नसतं. पण नीटनेटकंही नसतं. मधलं काहीतरी लिहा."

तपासनीस खाली वाकला. त्यानं टाचांच्या खुणांवर बोट ठेवलं. मग ट्रंकेवर बसला आणि लिहायला लागला. या वेळी त्याच्या अक्षराला कोणी घाई केली नाही.

दारातून जाताना तो थांबला. "माझा कोट मागच्या वेळी रंगला होता," तो म्हणाला.

"बघितलं होतं मी," थोरल्या बाई म्हणाल्या.

पुढचं पत्र आलं तेव्हा सून कामावरून नुकतीच आली होती. मुलानं ते उभ्यानं फोडलं. दुखणे सैनिकी सेवेतून उद्भवल्याचे मान्य. अपंगत्वाची पेन्शन मंजूर. शस्त्रक्रियेसाठी सैन्याच्या इस्पितळात दाखल व्हावे. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण त्याला सगळं वाचायची सवय होती, म्हणून त्यानं शेवटची ओळही वाचली. "घर अस्ताव्यस्त. पुढील खोलीच्या भिंतीचा रंग उडालेला."

"अस्ताव्यस्त?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"आई, मंजूर झालंय."

"ते ऐकलं मी. अस्ताव्यस्त कोणाला म्हणतो तो? एक बनियन होती. एका बनियनला अस्ताव्यस्त म्हणतात? हळू वाच, वर ऐकू जाईल."

सून झाडू घेऊन भिंतीखाली गळणारे पोपडे गोळा करत होती. ते अजून रोज थोडे थोडे पडत. थोरल्या बाईंनी तिच्या हातातून झाडू काढून घेतला, जमिनीवर चादर अंथरली आणि बोटानं भिंत दाखवली. सून आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली टेकली, उताणी झाली, आणि एकेक करून दोन्ही पाय वर नेले. टाचा आपल्या जुन्या जागी बरोबर बसल्या. तिनं डोळे मिटले.

थोरल्या बाई आरामखुर्ची ओढून तिच्या उशाशी बसल्या.

"ऐक, सूनबाई," त्या म्हणाल्या. "तुझं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही आणि आजही पटत नाही. दुखतं तर माणसानं बोंब मारावी, गल्ली गोळा करावी. साहेबानं विचारलं तर सगळं पाठ, आणि मी इतकी वर्षं तुझ्या डोक्याशी बसून चहा पिते तर मला 'जरा बरं वाटतं'? मी काय साहेबापेक्षा कमी आहे? आता हे घर सरकारी कागदावर बदनाम झालंच आहे. चहा गरम आहे तोवर पी. आणि पाय खाली घेतलेस, तर माझ्यासारखी वाईट नाही."